दावल नालबंद आणि अनवाणी घोडी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते विचारू नका, कारण माळशेंदमध्ये ज्याला विचाराल त्याचं उत्तर वेगळं असतं. कोणी म्हणतं सात पिढ्या झाल्या, कोणी म्हणतं अकरा. पाटलांच्या घरचे चौदावर ठाम आहेत, पण ते प्रत्येक बाबतीत चार जास्तच सांगतात. एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे की त्या काळी माळशेंदच्या घाटातून घोड्यांशिवाय काही जात नव्हतं, आणि दावल नालबंदाच्या दारात थांबल्याशिवाय कोणता घोडा घाटाला लागत नव्हता.

माळशेंद गाव घाटमाथ्यावर आहे. गावाच्या पाठीमागे काळी जमीन, पुढे घाट. घाट म्हणजे काळ्या खडकात खोदलेली पायऱ्यांची उतरण, आणि इतक्या वर्षांच्या टापांनी त्या खडकाला अशी झिलई आली होती की वाकून पाहिलं तर पागोटं सरळ करून घेता यावं. अशा दगडावरून घोडा न्यायचा म्हणजे खूर झिजणार, फुटणार. म्हणून खुराला लोखंडी नाल ठोकायचा. हे काम करणारा तो नालबंद.

दावलच्या घरात हे काम बाप-आज्यापासून होतं, पण दावलसारखा हात कोणाचाच नव्हता. त्याचा नाल निघत नसे. चिखलात रुतला तरी निघत नसे, दगडावर आपटला तरी निघत नसे. असं म्हणतात की एकदा एक घोडा म्हातारा होऊन मेला, पुरला, पुढे ओढ्याला पूर आला आणि हाडं वाहून गेली, तरी दावलचे चार नाल जागच्या जागी राहिले. मी काही ते मोजायला गेलो नव्हतो. पण सांगणारे तोंड फारच गंभीर करून सांगतात.

आता अशा हाताचा गावाला अभिमान वाटणारच. पण माळशेंदकरांनी अभिमानाचं वेड करून टाकलं. दर दसऱ्याला दावल सगळ्या घोड्यांना नवे नाल ठोकायचा, आणि ज्याचे नाल पुढच्या दसऱ्यापर्यंत न निघता टिकतील तो मोठा माणूस. ते वर्षभराचे नाल शेंदूर लावून दाराच्या चौकटीवर ठोकायचे. सोयरीक जुळवायला आलेली मंडळी आधी चौकटीकडे बघायची, मग मुलाकडे. त्यामुळे मध्येच नाल काढणं म्हणजे नामुष्की. घोड्याचं खूर महिन्याला जवाएवढं वाढतं, नाल मात्र आहे तेवढाच राहतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नव्हती असं नाही. खूर बाहेर आलं की लोक कोयत्याने छाटून टाकायचे आणि पुन्हा चौकटीकडे बघून मिशीवर ताव द्यायचे.

दावल स्वतःही या वेडातून सुटला नव्हता. दारात गर्दी असली की तो खुंटीवरचा तयार नाल काढायचा आणि कानशीने खूर घासून त्या मापाचं करायचा. नाल बदलण्यापेक्षा खूर बदलणं सोपं. सगळे करत होते, तोही करत होता. एवढंच, की त्याचा हात जास्त सफाईचा होता.

गावचे देशमुख होते हैबतराव. त्यांची एक घोडी होती, जांभळी नावाची. काळी म्हणावी तर उन्हात जांभळट दिसे, म्हणून जांभळी. असं म्हणतात की ती चालली तर पाठीवरच्या माणसाच्या हातातल्या पेल्यातलं ताक हिंदकळत नसे. हैबतराव तापट होते, पण त्या घोडीशी बोलताना त्यांचा आवाज उतरायचा. घरच्या लोकांना याचा हेवा वाटायचा, आणि त्यात काही चूक नव्हती.

दसऱ्याला शिलंगण असे. देशमुखांनी अकरा स्वार घेऊन घाट उतरायचा, निम्म्या घाटात शिवेचा दगड आहे तो ओलांडायचा, पलीकडच्या आपट्याची पानं तोडायची आणि घोड्यावरूनच वर यायचं. पायउतार व्हायचं नाही. पायउतार झालेल्या देशमुखाच्या हातचं सोनं गाव घेत नसे.

ज्या दसऱ्याची ही गोष्ट, त्या दसऱ्याला जांभळीच्या पायात वर्षभराचे नाल होते. नवे ठोकायचे ते शिलंगणाहून आल्यावर, म्हणजे चौकटीवर मान मिळेल. घाट उतरताना ती दोनदा अडखळली. चढताना तिसऱ्या वळणावर पुढचा उजवा पाय तिने उचलून धरला तो टेकवलाच नाही. हैबतरावांनी समजावलं, दटावलं, शेवटी ते खाली उतरले. देशमुख लगाम धरून पायी वर आले आणि त्यांच्या पागोट्यातली पानं तशीच सुकली. त्या वर्षी माळशेंदमध्ये कोणी कोणाला सोनं दिलं नाही.

लंगडं जनावर देशमुखांच्या पागेत ठेवायचं नाही, अशी रीत होती. घाटातल्या रानात सोडून यायचं. त्या रानात वाघ होते, तेव्हा सोडून येणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हैबतरावांनी तसा हुकूम दिला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

दावलला बोलावणं आलं ते नाल काढून घ्यायला. लोखंड वाया कशाला घालवायचं, एवढाच त्यामागचा विचार. दावलने जांभळीचा पाय मांडीवर घेतला आणि तो बघतच राहिला. नाल शाबूत होता. एक खिळा हललेला नव्हता. दगड शिरलेला नव्हता, काटा नव्हता, जखम नव्हती. त्याने नाल काढला, उलटा-सुलटा करून पाहिला. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात सुबक नाल होता, आणि घोडी मात्र त्या पायावर उभी राहायला तयार नव्हती.

नाल चांगला, मग पाय का दुखला? हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला तो निघेना. त्याने देशमुखांचं दार वाजवलं.

"सरकार, घोडी मला द्या."

"लंगडं जनावर घेऊन काय करणार आहेस?"

"ते मलाही माहीत नाही. पण माझ्या नालात खोट नाही आणि तिच्या पायात काटा नाही. मग दुखतंय काय, हे कळल्याशिवाय मला पुढचा खिळा ठोकता येणार नाही."

 हैबतरावांनाही घोडी मारायची नव्हती, पण तोंडातून गेलेला हुकूम परत घेणं त्यांना जमत नसे.

"पुढच्या शिलंगणाला मी हिच्यावर बसेन," ते म्हणाले. "शिवेच्या दगडापर्यंत जाईन. लंगडली तर तिथंच सोडून येईन. आणि मग तू हातोडी धरायची नाहीस, दावल. ऐरण दरीत टाकायची आणि गाव सोडायचं."

दावल घोडीला घरी घेऊन आला. बायको हलीमाबी दारात उभी होती. तिने घोडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"वर्षभर हिला चारायचं, आणि नंतर वाघाला द्यायचं?"

"किंवा नाही द्यायचं," दावल म्हणाला.

"आत बांधा," हलीमाबी म्हणाली. "दारात लंगडत उभी राहिली तर धंद्याला बरं दिसत नाही."

घाटाच्या तोंडाशी दर दसऱ्याच्या सुमाराला धनगरांचा तळ पडे. पाऊस सरला की ते मेंढरं घेऊन घाट उतरायचे. त्यांची बुटकी तट्टं असायची, पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, लहान लेकरं आणि वर एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. त्या तट्टांच्या पायात कधीच नाल नसत. दावल वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बघून हसत आला होता. या वेळी त्याला एकदम आठवलं, की ती तट्टं त्याच घाटाने जातात, त्याच खडकावरून, आणि त्यांतलं एकही लंगडताना त्याने पाहिलेलं नाही.

तो तळावर गेला. तळाची मालकीण ठकूबाई, साठीची बाई, चुलीपुढे बसली होती.

"ठकूबाई, तुझ्या तट्टाचा पाय बघू दे."

"नाल माराय आलायस व्हय? आमाला नगं."

"मारायला नाही. बघायला."

"इतकी वर्सं हसत आलास आमच्या तट्टांस्नी. आज काय बघतूस?"

"आज हसू येत नाही, म्हणून बघतोय."

हे ठकूबाईला पटलं असावं. तिने हाताने खूण केली. दावलने तट्टाचं खूर उचललं. नालबंदाच्या जन्मात हजारो खूर त्याने पाहिले होते, पण कधी लोखंड न लागलेलं म्हातारं खूर तो पहिल्यांदाच पाहत होता. टाच रुंद होती. खुराच्या तळाशी मधोमध एक तिकोनी गादी असते, नालबंद तिला पुतळी म्हणतात. या तट्टाची पुतळी चांगली तळहाताएवढी, जाड आणि लवचीक होती, आणि तट्टाने पाय टेकला की ती जमिनीला लागायची. जांभळीची पुतळी त्याला आठवली. ती सुकून सुपारीएवढी झाली होती आणि नालाच्या उंचीमुळे जमिनीला कधी लागतच नव्हती. टाचा दोन्हीकडून आत ओढल्या गेल्या होत्या. तिचा पाय वाढत होता आणि त्याच्या सुबक नालाने तो वर्षभर घट्ट धरून ठेवला होता.

दावलने तट्टाचा पाय हळूच खाली ठेवला. 

"नाल काढून टाकले तर बरी होईल का माझी घोडी?" त्याने विचारलं.

"आमच्या तट्टांगत व्हायची न्हाई लगेच," ठकूबाई म्हणाली. "ही जलमल्यापासनं दगडावर हायत. शिंगरू आईच्या मागं चालतं, तवा पाय घडतू. तुमची घोडी गवतावर वाढली, आन मंग एकदम खडकावर घातली. तिला आदी दुखंल. लई दुखंल. तरी चालवाय लागंल. उब्या जनावराला पाय येत न्हाई."

"किती दिवस?"

"ते तिला इचार. मला काय म्हाईत?"

दुसऱ्या दिवशी माळशेंदच्या सगळ्यात मोठ्या नालबंदाने भर चौकात स्वतःच ठोकलेले बाकीचे तीन नाल स्वतः उपटून काढले. खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपतात तिथे, त्याने कानशीने एक बारीक खाच घातली. त्याचं म्हणणं असं, की खूर वरून खाली वाढतं, तेव्हा ही खाच सरकत सरकत जमिनीपर्यंत पोचेल त्या दिवशी जुनं खूर संपलेलं असेल आणि घोडी नव्या पायावर उभी असेल. आणि मग त्याने पायातल्या वहाणा काढून हलीमाबीकडे दिल्या. घोडी जिथून अनवाणी चालेल तिथून आपणही अनवाणी चालायचं, असं त्याने ठरवलं होतं. नाहीतर तिला काय टोचतं ते मला कसं कळणार, एवढंच तो म्हणाला.

पहिला महिना वाईट गेला. जांभळी चार पावलं टाकायची आणि थांबायची. तो तिला नदीच्या कडेला मऊ गाळात नेऊन उभी करायचा आणि आपणही शेजारी उभा राहायचा. गावाला तर पर्वणीच मिळाली. नालबंदाने घोडी चिखलात लावली आहे, आता पावसाळ्यात उगवून येईल, असं लोक म्हणायचे. कोणी विचारायचं, दावलभाई, पाणी कधी घालायचं? दावल हसायचा, पण घरी आला की जेवायचा नाही. हलीमाबी त्याच्या पायांना तेल चोळायची, मग उठून घोडीच्या खुरांना चोळायची. रागावलेली असली तर आधी घोडीला.

मग गाळातून वाळूत. वाळूतून काळ्या ढेकळांत. ढेकळांतून मुरमाड वाटेवर. होळीपर्यंत खाच निम्मी खाली आली होती. वरून जे नवं खूर येत होतं ते वेगळं दिसत होतं, सरळ आणि कडक, आणि टाचा सुपासारख्या उघडत होत्या. दावल रोज संध्याकाळी तिचा पाय मांडीवर घ्यायचा, तळहात पुतळीवर ठेवायचा आणि गप्प बसायचा.

इथून पुढे गोष्ट जरा हाताबाहेर जाते, पण मी ऐकली तशी सांगतो. असं म्हणतात की दावलच्या तळपायांना जमिनीचं बोलणं कळायला लागलं. डोळे बांधून चालवला तरी तो कुणाच्या शेतात आहे, तिथे गेल्या वर्षी काय पेरलं होतं आणि खाली पाणी किती हातांवर आहे, हे सांगायचा. असं म्हणतात की परगावचे घोडे वाटेत मालकाला न जुमानता त्याच्या अंगणात शिरायचे आणि न सांगता पाय उचलून धरायचे. आणि असंही म्हणतात की एका ज्येष्ठात जांभळीने माळावर टाप मारली तिथून पाणी आलं. पाटलांच्या घरचे म्हणतात चार ठिकाणी आलं.

नवरात्राच्या सातव्या माळेला ती खाच जमिनीला टेकली. दावलने हलीमाबीला हाक मारून दाखवली. दोघं बराच वेळ त्या खुराकडे बघत अंगणात बसून राहिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी परतीचा पाऊस आला. सकाळी थांबला, पण घाट धुक्याने असा भरला की माथ्यावर उभं राहून स्वतःच्या हातातली काठी दिसेना. खडक ओला झाला होता. शिलंगण पुढे ढकलता येत नाही. हलगी वाजली, अकरा स्वार आले, सगळ्यांच्या पायांत नवे कोरे नाल. गेल्या वर्षीसारखी फजिती नको म्हणून या वेळी शिलंगणाआधीच ते परगावच्या नालबंदाने ठोकले होते, कारण दावल आता विश्वासातला राहिला नव्हता. हैबतराव जांभळीजवळ आले. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला, खाली वाकून तिच्या उघड्या पायांकडे पाहिलं आणि दावलकडे न बघता म्हणाले, "शेवटचं विचारतो. ठोकायचे का नाल?"

"नको सरकार."

"पडली तर मीही पडेन."

"ठाऊक आहे मला," दावल म्हणाला.

बारा घोडी धुक्यात शिरली. माथ्यावर सगळं गाव उभं होतं. दिसत काहीच नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. नालांचा खणखणाट खाली खाली गेला. मग एकदम लोखंड दगडावरून घसरल्याचा लांबलचक आवाज आला, पाठोपाठ ओरडा. मग दुसरा. मग तिसरा. थोड्या वेळाने धुक्यातून एक स्वार पायी वर आला, घोड्याला ओढत, दोघांचेही गुडघे फुटलेले. मग दुसरा आला. असे एकामागून एक अकरा आले. ओल्या गुळगुळीत खडकावर नवं लोखंड टिकत नव्हतं. घोडे मागच्या पायांवर बसत घसरत होते.

"सरकार कुठं आहेत?" लोकांनी विचारलं.

"पुढं होते," पहिला स्वार म्हणाला. "जरा वेळ दिसले. मग धुक्यात गेले. आम्ही हाका मारल्या. घोडीचा आवाजच नाही."

हलगीवाला थांबला. आवाज नाही म्हणजे काय, ते कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. बायकांनी पदर तोंडाला लावले. कोणीतरी दावलचा दंड धरला आणि मागून एकाने ऐरणीचा विषय काढला.

दावलने दंड सोडवून घेतला. तो घाटाच्या पहिल्या पायरीवर पालथा पडला आणि कान खडकाला लावला. असं म्हणतात की आधी त्याला फक्त आपलंच काळीज ऐकू आलं. त्याने ते सोडून दिलं. मग खालून झिरपणारं पाणी ऐकू आलं, तेही सोडून दिलं. मागे लोक कुजबुजत होते. "गप्प बसा," तो म्हणाला, आणि कधी नव्हे ते माळशेंद गाव गप्प बसलं. लहान मुलंसुद्धा. असा किती वेळ गेला सांगता येत नाही. मग दावलच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं, आणि हलीमाबीला ते आधी दिसलं.

"येतेय," दावल म्हणाला.

कोणाला खरं वाटलं नाही, कारण कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. लोखंड वाजतं, उघडं खूर वाजत नाही. ते नुसतं टेकतं. लोक धुक्याकडे बघत राहिले आणि बघता बघता त्या पांढऱ्यातून आधी दोन नाकपुड्या आल्या, वाफ सोडणाऱ्या. मग जांभळीचं कपाळ. मग हैबतराव, घोडीवर ताठ बसलेले, पागोट्यात आपट्याची ओली पानं.

ते खाली उतरले. "तिनं एकही पाऊल नुसतं टाकलं नाही," ते दावलला म्हणाले. "आधी चाचपायची, मग भार द्यायची. मी लगाम सोडून दिला होता. मला काही दिसतच नव्हतं." आणि सगळ्या गावासमोर, माळशेंदच्या देशमुखांनी पहिलं सोनं नालबंदाच्या हातात दिलं. दावल रडला. हैबतरावही रडले असं म्हणतात, पण देशमुखांच्या घरचे ते धुक्याचं पाणी होतं असं सांगतात.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माणसं आहेत, ती सुखासुखी शहाणी होत नाहीत. आनंदाच्या भरात हैबतरावांनी हुकूम दिला, की जांभळीसाठी चांदीचे चार नाल घडवा आणि ठोका. दावलने कपाळावर हात मारला.

"सरकार, चांदी गळ्यात घाला तिच्या. पाय तेवढे सोडा."

गाव तर देशमुखांच्या पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या घोड्यांचे नाल काढून घ्यायला दावलच्या दारात रांगेने उभे. नाल असलेला घोडा म्हणजे आता कमीपणा. रांगेत गणबा तेली होता. त्याचा घोडा तेलाचे बुधले घेऊन रोज कोकणात जा-ये करायचा, तिकडच्या जांभ्या दगडाच्या खरखरीत वाटेने. दावलने त्या घोड्याला चौकात चालवलं, पाय मांडीवर घेतला, बराच वेळ गप्प बसला. मग जुने नाल काढले, खूर तासलं, त्या खुराच्या मापाचे नवे नाल ऐरणीवर घडवले आणि ठोकले.

गणबाचा चेहरा पडला. "देशमुखांच्या घोडीला नाहीत, आणि माझ्या घोड्याला ठोकलेस?"

"तुझ्या घोड्याचा तळ पातळ आहे, गणबा. ओझं मोठं आहे आणि वाट खरखरीत आहे. जेवढं वाढतं त्याहून जास्त झिजतं. त्याला नाल लागतात. पण दर महिन्याला घेऊन ये, काढून पुन्हा ठोकायचे. विसरलास तर मी घरी येऊन काढीन."

"मग खरं काय? नाल चांगला का अनवाणी पाय चांगला?"

"मला काय माहीत? मी घोड्याला विचारलं."

"घोडा बोलतो होय?"

"तू बोलायचा थांबलास तर," दावल म्हणाला.

त्यानंतर दावल पुष्कळ वर्षं जगला. काही घोड्यांचे नाल त्याने काढले, काहींना ठोकले, काहींना पुढच्या दोनच पायांना ठोकले. विचारल्याशिवाय मात्र एकालाही हात लावला नाही. वहाणा त्याने पुन्हा घातल्या नाहीत. जांभळी म्हातारी झाली तेव्हा हैबतरावांनी तिला दावलच्या अंगणात पाठवून दिलं. दोघं रोज सकाळी घाटाच्या तोंडापर्यंत चालत जायची आणि परत यायची. आणि एका सकाळी, धुकं होतं त्या दिवशी, ती दोघं घाटात उतरली. कोणीतरी पाहिलं, हाकही मारली. दावलने मागे वळून हात केला. म्हातारा माणूस आणि म्हातारी घोडी, दोघंही अनवाणी, त्यामुळे आवाज काही झालाच नाही. गाव माथ्यावर वाट बघत बसलं. दुपारी धुकं उठलं तेव्हा घाट रिकामा होता, शिवेच्या दगडापर्यंत आणि त्याच्या पुढेही. खाली कोकणातल्या कुठल्याच गावात त्यांना कोणी पाहिलं नाही. वाघाने नेलं म्हणावं तर रक्ताचा थेंब नाही, दरीत पडली म्हणावं तर काही खूण नाही. हलीमाबीने शोक केला नाही असं म्हणतात. ती म्हणाली, फिरायला गेलेत, येतील.

आता माळशेंदमध्ये घोडी फार उरलेली नाहीत. वरातीची दोन-तीन, शर्यतीची चार-दोन, धनगरांची तट्टं, आणि शहरातून रपेटीला येणाऱ्या हौशी मंडळींची काही. गाड्या नव्या रस्त्याने जातात. पण दसऱ्याला ही सगळी घोडी जुन्या घाटाच्या माथ्यावर आणतात. जनावरांचे डॉक्टरही येतात, त्यांनाही बघायचं असतं. मालकाने वहाणा काढायच्या, घोड्याचे असतील ते नाल नालबंदाने काढायचे, आणि एकेका घोड्याला ओल्या खडकावरून एकदा खाली, एकदा वर चालवायचं. त्या वेळी हलगी बंद असते. कोणी बोलत नाही, मोबाईलसुद्धा बंद ठेवतात. नालबंद पहिल्या पायरीवर पालथा पडून कान लावतो आणि कोणाला नाल हवेत, कोणाला नकोत, ते उठून सांगतो. त्यावर कोणी वाद घालत नाही, आणि कोणाला कमीपणा वाटत नाही.

शेवटचा घोडा वर आला तरी लोक हलत नाहीत. नालबंद तसाच खडकाला कान लावून पडून राहतो. एवढी माणसं, मुलंबाळं, परगावचे पाहुणे, सगळे श्वास धरून रिकाम्या घाटाकडे बघत उभे असतात. मग नालबंद डोकं न उचलता म्हणतो, "येतेय." हलगी वाजायला लागते आणि लोक एकमेकांना सोनं देतात. इतक्या पिढ्यांत एकाही दसऱ्याला नालबंदाने दुसरं काही सांगितलेलं नाही.